अनुभव धागा: पळायचे बूट संपले, हे तुम्हाला कशावरून कळलं?

नमस्कार मंडळी. मी जळगावचा, वय 46, वजन 78 किलो. गेली सहा वर्षं मेहरूण तलावाच्या बाजूने पहाटे पळतो. हा धागा काढायला निमित्त झालं माझ्या डाव्या नडगीचं.

फेब्रुवारीत नडगीच्या आतल्या कडेला दुखायला लागलं. पहिले दोन किलोमीटर ठणका, मग अंग तापलं की कमी, आणि घरी जिना चढताना पुन्हा सुरू. सराव वाढवला नव्हता. रस्ता तोच, वेग तोच. मी झोपेत दोष शोधला, खाण्यात शोधला, रात्री तेल चोळून पाहिलं. बुटांकडे मात्र लक्षच गेलं नाही, कारण बूट दिसायला छान होते. दर रविवारी धुतलेले, कुठे फाटलेले नाहीत, खालचं रबरही बऱ्यापैकी शाबूत.

मग सोबतच्या मित्राने नवी जोडी घेतली. आमचं माप एकच. तो म्हणाला, "माझा डावा घाल, उजव्यात तुझाच राहू दे आणि त्या झाडापर्यंत चालून ये." दहा पावलांत मला कळलं. डावा पाय गादीवर पडत होता, उजवा फरशीवर. त्याच दिवशी बूट टेबलावर ठेवून मागून पाहिले, तर दोन्ही टाचा बाहेरच्या अंगाला कललेल्या. मिडसोलच्या कडेला, म्हणजे रबर आणि वरचं कापड यांच्यामधल्या त्या पांढऱ्या फोमवर, बारीक आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. वजन नसतानाही त्या मोकळ्या होत नव्हत्या. आतून टाचेच्या जागी अंगठा दाबला. मित्राच्या बुटात अंगठा रुतत होता आणि सोडल्यावर फोम वर येत होता. माझ्यात शिळ्या भाकरीवर दाबल्यासारखं लागलं. मोबाइलमधल्या नोंदी काढून बेरीज केली, तर 1,140 किलोमीटर!

बूट बदलले, दोन आठवडे सराव अर्धा केला, नडगी शांत झाली. पण ते दोन महिने फुकट गेले याची हळहळ अजून आहे. आपल्या भागात पळणारे आता पुष्कळ झालेत, भरतीची पोरं तर गावोगाव आहेत. म्हणून विचारतो: तुम्हाला पहिली खूण कोणती दिसली? किती किलोमीटरला? रस्ता डांबरी, मुरमाचा की शेतातला? वजनही लिहा, त्याने फरक पडतो. चालणाऱ्यांनीही लिहावं.

पांझराकाठ (धुळे)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः पळते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

बहुतेक बुटांच्या मिडसोलमध्ये ईव्हीए नावाचा फोम असतो. त्यात हवेचे बारीक बारीक कप्पे असतात. प्रत्येक पावलाला ते दबतात आणि परत फुगतात. किलोमीटरमागे साधारण हजार पावलं धरा, म्हणजे एकेक बूट पाचशेदा आपटतो. हळूहळू त्या कप्प्यांच्या भिंती मोडतात आणि फोम बसतो. रबर बाहेरून दिसतं, फोम दिसत नाही. म्हणूनच धागाकर्त्यासारखी फसगत होते.

बुटाचं आयुष्य 500 ते 800 किलोमीटर, हा सगळीकडे सांगितला जाणारा अंदाज आहे. अंदाजच, नियम नव्हे. 1985 साली अमेरिकेत यंत्रावर बूट आपटून मोजमाप केलं होतं. त्यात सुमारे 80 किलोमीटरइतक्या वापरानंतर धक्का झेलण्याची मूळ ताकद 75 टक्क्यांवर आली, 160 ते 240 ला 67 टक्क्यांवर, आणि 400 ते 800 च्या दरम्यान 60 टक्क्यांच्याही खाली. माणसांनी खरोखर पळून वापरलेल्या बुटांत मात्र 800 ला सुमारे 70 टक्के उरली होती. तेव्हाचे फोम आणि आजचे वेगळे, तरी एक गोष्ट यातून कळते. बूट एका दिवसात मरत नाही. सुरुवातीला भराभर बसतो, मग सावकाश. रोज तोच बूट घालणाऱ्याला ते जाणवत नाही, कारण पायही रोज थोडाथोडा सवय करून घेतो.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारते, "सरावात काय बदललं?" काहीच बदललं नसेल आणि तरी नडगी, टाच किंवा गुडघा कुरकुरायला लागला, तर पुढच्या वेळी बूट पिशवीत घालून आणायला सांगते. पण एक कळकळीची विनंती. नडगीच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर नवे बूट घेऊन पळत राहू नका. हाडाला बारीक तडा असू शकतो. आधी डॉक्टर, बूट नंतर.

काळी माती (शहादा)

मी पोलीस भरतीची तयारी करते. मुलींना 800 मीटर असतं.

पहिलं वर्षभर भावाचे जुने बूट घालून पळाले. दोन नंबर मोठे होते, पुढे कापूस कोंबायचे. घरात कापसाला तोटा नाही. आमचं ग्राउंड मुरमाचं आहे. मला दुखलं वगैरे काही नाही. मला खूण दिसली ती वळणावर. 800 च्या दुसऱ्या फेरीत वळण घेताना पाय बाहेर सरकायचा. मला वाटायचं दम कमी पडतोय, म्हणून पाय ढिला पडतोय. सरांनी एक दिवस बूट हातात घेऊन उलटा केला. चवड्याखालची नक्षी पूर्ण गेलेली, अंगठ्याच्या खाली तर रबर संपून पांढरा फोम दिसत होता. सर म्हणाले, "अगं, तू मुरमावर स्लीपर घालून पळतेयस."

मग 900 रुपयांचे घेतले. त्याच आठवड्यात वळणावर पाय धरायला लागला आणि 3 मिनिटं 14 सेकंदांवरून 3 मिनिटं 6 वर आले. हे सगळं बुटांमुळे झालं असं म्हणत नाही, पण वळणाची भीती गेली हे नक्की.

माझा प्रश्न: स्वस्तातले बूट किती दिवस चालतात? आम्ही सकाळ-संध्याकाळ पळतो. दर चार महिन्यांनी नवे परवडत नाहीत.

रेल्वेवाले काका (भुसावळ)

मी पळत नाही, चालतो. वय 64. पण माझा अनुभव इथे कामाचा आहे असं वाटतं.

मुलाने पुण्याहून चांगले बूट पाठवले होते. मी ते जपले. डब्यात, कागदात गुंडाळून, कपाटात. चार वर्षं. ठरवलं होतं की मुक्ताईच्या पालखीसोबत वारीला जाईन तेव्हाच घालायचे. निवृत्त झालो आणि ज्येष्ठात मुक्ताईनगरहून निघालो. पंढरपूरला जाणाऱ्या लांबच्या पालख्यांपैकी ही एक, महिनाभराची चाल. दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या टाचेखाली काहीतरी चुरचुरल्यासारखं झालं. खाली पाहिलं, तर रस्त्यावर पिवळसर चुरा पडत होता. संध्याकाळपर्यंत सोलचे तुकडे हातात आले, वाळलेल्या ढोकळ्यासारखे. पुढचे तीन दिवस दिंडीतल्या एका माउलीने दिलेल्या साध्या चपलेवर चाललो. दोन्ही टाचांना फोड आले.

नंतर पुतण्याने समजावून सांगितलं. काही बुटांचं सोल पॉलीयुरेथेन नावाच्या फोमचं असतं. हवेतल्या ओलाव्याने ते आतून सुटत जातं, वापरा नाहीतर ठेवून द्या. उलट बंद डब्यात पडून राहिलेलं जास्त फसवतं. बाहेरून अगदी कोरं दिसतं.

म्हणून माझ्या वयाच्या सगळ्यांना सांगतो, बूट जपून ठेवू नका. घेतले की घाला. आणि ठेवलेले काढायचे असतील, तर लांब जाण्याआधी आठ दिवस गल्लीतल्या गल्लीत चालून बघा, वाकवून बघा, बोटाने सोल खरवडून बघा.

सातपुड्याची वाट (धडगाव)

शिक्षक आहे. शाळा सुटल्यावर डोंगरातल्या पायवाटांनी पळतो, सुटीत तोरणमाळच्या बाजूला जातो. वजन 61.

डोंगरात किलोमीटर मोजून उपयोग नाही. इथे आधी जातात त्या खालच्या दातऱ्या, मग चवड्याजवळचं कापड. फोम बिचारा शेवटपर्यंत टिकतो. उतारावर खडीवरून पाय निसटायला लागला की मी ती जोडी डोंगरातून काढतो आणि डांबरीवर वापरतो.

पण मला सांगायचंय ते वाळवण्याबद्दल. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला किलोभर चिकटतो. पहिल्या वर्षी मी बूट धुऊन पत्र्यावर ठेवायचो. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा कसा तापतो ते आपल्याला माहीत आहे. महिन्याभरात पुढून सोल उकललं, चिकटवलेली जागा सुटली, आणि बूट आखडून बोटांना लागायला लागला. तो बूट पळून संपला नव्हता, उन्हाने संपला. आता चिखल वाळू देतो, आपटून झाडतो, साध्या पाण्याने पुसतो, आतली गादी काढून वेगळी ठेवतो आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवतो. तासाभराने बोळे बदलले की सकाळपर्यंत कोरडे.

जळगावच्या मंडळींनी मे महिन्यात बूट गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. 45 अंशांत बंद डिकीचं काय होत असेल विचार करा. गोंद आणि फोम दोघांनाही ते सोसत नाही.

तापीकाठ (चोपडा)

थोडं वेगळं मत मांडतो. माझं वजन 52 आहे, मातीच्या रस्त्यावर केळीच्या बागांमधून पळतो. सध्याच्या जोडीचे 1,300 किलोमीटर झालेत. काही दुखत नाही. टाचेची बाहेरची कड झिजली आहे, पण बहुतेकांची तिथेच झिजते, तो काही आजार नाही. दुकानात गेलो की "सर, 500 झाले, आता बदलाच" असं ऐकवतात. माझ्या मते पाय तक्रार करत नाहीत आणि बूट सपाट जागेवर सरळ उभा राहतो, तोवर आकड्याला घाबरून पैसे घालू नयेत.

पांझराकाठ (धुळे)

तापीकाठ, तुमचं बरोबर आहे. हलकं वजन आणि मऊ माती असेल, तर बूट कितीतरी जास्त चालतो. 85 किलोच्या माणसाचा तोच बूट सिमेंटच्या रस्त्यावर 450 लाही बसू शकतो. आकडा एवढ्यासाठी लिहून ठेवायचा, की दुखलं तर कुठे पाहायचं ते लगेच कळावं.

काळी माती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. भरतीच्या सरावात रोज दोन वेळचे मिळून सहा-सात किलोमीटर होत असतील, तर चार महिन्यांत 700-800 होतात. स्वस्त बुटात बहुतेकदा रबर आधी जातं. परवडत असेल तर एकदम दोन साध्या जोड्या घ्या आणि आलटून पालटून घाला. घाम आणि ओल पूर्ण वाळायला वेळ मिळतो. खर्च तेवढाच, कारण दोन्ही मिळून दुप्पट दिवस जातात. वॉर्मअप आणि चालण्याला जुने घाला, नवे फक्त धावण्याला. आणि माप पायाचंच घ्या, कापूस कोंबून पळू नका. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा पुरे.

अंमळनेरचा

आमच्याकडे बाजारात एक म्हातारे बाबा चपला-बूट शिवतात. माझे बूट करंगळीजवळ फाटले, म्हणून नेले. त्यांनी बूट हातात घेतला, पुढून-मागून धरला आणि धुणं पिळतात तसा पिळला. पूर्ण पिळला गेला. मग टाचेमागचा कडक भाग चिमटीत धरून दाबला, तोही लुळा पडला. म्हणाले, "शिवी देसू भाऊ, पन याना जीव गया." म्हणजे शिवून देईन, पण याचा जीव गेलाय. वीस रुपयांचं काम सोडून त्यांनी मला परत पाठवलं.

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा बूट पिळून बघतो. नवी जोडी आणली तेव्हा आधी त्यांच्याकडे नेली आणि दोघांत फरक किती आहे तो त्यांच्याच हाताने करवून पाहिला. नवा बूट मध्ये अडतो, हाताला विरोध करतो. जुना नुसता वळतो. मात्र काही हलके बूट मुळातच लवचीक असतात, म्हणून घेतल्या दिवशीच पिळून लक्षात ठेवावं.

आणि एक. मी मध्ये चारशे रुपयांच्या जेलच्या गाद्या आणून जुन्या बुटात टाकल्या होत्या. दोन दिवस बरं वाटलं. गादी वर मऊ, पण खालचा फोम बसलेला आणि कललेला, त्यामुळे पाय कललेलाच पडत होता. गुडघा होता तिथेच राहिला.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. रेल्वेवाले काका, तुमचं वाचून कपाट उघडलं. तीन वर्षं न घातलेली एक जोडी होती, सोल नखाने खरवडलं तर नखाखाली भुगा आला.

मी नव्या जोडीच्या जिभेच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहिली आहे. दर महिनाअखेरीला तिथेच किलोमीटर लिहिणार. मोबाइल बदलतो, नोंदी जातात, बुटावरची शाई तिथेच राहते.

काळी माती, तुमचं ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, कधी आहे? नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका. निदान दोन-तीन आठवडे आधी घ्या, म्हणजे फोड यायचे ते सरावात येतील आणि लेस किती आवळायची ते कळेल.

काळी माती (शहादा)

दादा, अजून तारीख आली नाही. पण कालच गेले होते, पप्पांसोबत. दोन जोड्या घेतल्या, एकीचे 850, दुसरीचे 700. माप पाच निघालं. इतके दिवस मी सात घालत होते. दुकानातच दोन्ही पिळून बघितल्या, दुकानदार बघतच राहिला.

आज सकाळी पहिल्या जोडीवर चार किलोमीटर झाले. जिभेवर लिहिलंय.