मदत हवी आहे : तातडीच्या सिझरमध्ये निर्णयानंतरचा वेळ कसा वाचवता?

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यात एका सरकारी दवाखान्यात लेबर रूमला स्टाफ नर्स आहे. बाळाच्या आधी नाळ बाहेर आली, वार (प्लॅसेंटा) जन्माआधीच सुटली, तर निर्णयापासून ३० मिनिटांत बाळ बाहेर यावं, असं ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यसंस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्याहून थोडी कमी घाई असेल तर ७५ मिनिटं. आमच्याकडे प्रत्यक्ष ऑपरेशनला वेळ लागत नाही, वेळ जातो त्याच्या आधी. रात्री भूलतज्ज्ञ बाहेरगावाहून येतात. नवरा ऊसतोडीला गेलेला, सासू संमतीचा कागद हातात धरून म्हणते, "आदी त्याला फोन लावा." बाई शुद्धीवर असेल तर तिची स्वतःची सही पुरते, हे नातेवाइकांना पटतच नाही. तोवर पोटावर धरलेल्या डॉपलरमध्ये (ठोके ऐकायच्या यंत्रात) बाळाचे ठोके घसरून ८० पर्यंत आलेले असतात. जीव नुसता कासावीस होतो.

तुमच्याकडे निर्णय, भूलतज्ज्ञांना फोन, टेबलावर घेणं, बाळाचा जन्म या वेळा कोण लिहितं? तक्ता असेल तर फोटो टाका (पेशंटचं नाव झाकून). आणि संमतीचं आठव्या-नवव्या महिन्याच्या तपासणीतच कुणी समजावून सांगतं का? आशाताईंचा अनुभव विशेष हवाय.