मदत हवी आहे : पावसाळा सुरू झाल्यापासून नॅनोफिल्ट्रेशन मेम्ब्रेन बिघडतंय

एमटेकच्या प्रोजेक्टसाठी जड (क्षारांचं) पाणी मऊ करणारं मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पातळ पडदा, बनवतोय. पॉलिसल्फोनच्या (सच्छिद्र प्लास्टिकच्या) शीटवर आधी पाण्यातलं १ टक्का पायपरेझिन २ मिनिटं, रबरी रोलरने जादा पाणी निपटून मग त्याच्याशी जुळून थर बनवणारं हेक्झेनमधलं ०.१ टक्का ट्रायमेसॉइल क्लोराइड १ मिनिट, शेवटी ओव्हनमध्ये ६० अंशांवर ५ मिनिटं. मे महिन्यात मॅग्नेशियम सल्फेट ९५ टक्के अडत होतं. आता ७० ते ९०, तेही एकाच शीटच्या तुकड्यांत. चाचणी तीच : २००० पीपीएम, ५ बार.

क्लोराइड दमट हवेने खराब झालं असेल म्हणून नवी बाटली फोडली, हेक्झेन मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या दाण्यांवर) सुकवलं. थोडाच फरक. तयार मेम्ब्रेनवर रंगीत पाणी सोडून पाहिलं तर रबरी रोलर जिथे उचलतो त्याच कडेला ठिपके उमटतात, म्हणून संशय जादा पाणी निपटण्यावर आहे. जोर लावला की शीटवरच वळ उठतात!

ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या हवेची बंद पेटी) नाही, एअर नाइफ (हवेच्या झोताने पाणी उडवणारं साधन) नाही. फ्यूम हूड आणि नायट्रोजनचा सिलिंडर आहे. रसायनं बदलता येणार नाहीत, गाइड ऐकणार नाहीत.

हाताने मेम्ब्रेन बनवणाऱ्यांनो, क्लोराइड ओतण्याआधी शीट नेमकी किती कोरडी हवी, आणि ते तुम्ही कशावरून ओळखता?