व्हिसा नको, पण बाकीचं?
व्हिसा लागत नाही म्हणजे नुसता पासपोर्ट पुरे, हे तुमचं म्हणणं मला धोक्याचं वाटतं. आत सोडायचं की नाही हे सीमेवरचा अधिकारीच ठरवतो. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पुरेसे पैसे, काहीही मागू शकतो. पण अडचण बहुधा त्याआधी, चेक-इनलाच येते. प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला विमान कंपनीलाच परत न्यावं लागतं, म्हणून तिथे कागद कसून बघतात. पासपोर्टची मुदतही मोजा. बरेच देश ६ महिने शिल्लक मागतात. शेंगेन देशांना (म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांना) तिथून निघाल्यानंतरचे ३ महिने चालतात, मात्र पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा. आणि तिथे व्हिसाशिवाय राहण्याचे जास्तीत जास्त ९० दिवस कोणत्याही १८० दिवसांत, सगळ्या शेंगेन देशांचे मिळून धरतात. मध्ये दोन दिवस बाहेर जाऊन आलात तरी मोजणी नव्याने सुरू होत नाही, हे कृपया विसरू नका!