मदत हवी आहे: वजन वाढवलं की लंबक मंदावतोय!

पाटीपेन्सिल:
उद्या तिसऱ्या तासाला चौथीवर माझा पाठ आहे, बघायला पाहुणे येणार आहेत आणि प्रयोग नेमका उलटं उत्तर देतोय. पटकन सांगा.

लंबकाचा नेहमीचा प्रयोग. वजन कमीजास्त केलं तरी झोक्याचा वेळ बदलत नाही, हे मुलांनी स्वतः मोजून काढायचं. आज रंगीत तालीम घेतली. एक वॉशर: १०.३ सेकंद. तीन: १०.९. पाच: ११.५. सहाही गटांचं थोड्याफार फरकाने हेच! एकाने जाऊन फळ्यावर लिहिलं, "जड लंबक हळू हलतो." पुसायला डस्टर उचललं आणि ठेवून दिलं. काय सांगून पुसणार? दोरा सगळ्यांचा २५ सेंमी, मी स्वतः फुटपट्टीने मोजलाय.

मागचा_बाक:
हे सेकंद किती झोक्यांचे?

पाटीपेन्सिल:
दहाच्या, अर्थातच.

मागचा_बाक:
अर्थातच म्हणे! आम्हाला इथून तुमचा वर्ग दिसत नाही हो ताई. जाऊन-येऊन एक झोका, की नुसतं जाणं? दोरा कोणी हातात धरलाय की कशाला बांधलाय? सोडताना किती लांबून सोडता?

पाटीपेन्सिल:
जाऊन-येऊन एक. बाकाच्या कडेला पेन्सिल चिकटवली आहे, तिला बांधलाय. मागे पुठ्ठ्यावर खूण आहे, सगळे तिथूनच सोडतात. वेळ नाहीये हो माझ्याकडे.

निवृत्त_गुरुजी:
हवेचा विरोध. वॉशर वाढले की हवा जास्त अडते. खिडक्या बंद करून घ्या, पंखाही बंद. आम्ही असंच करायचो.

अर्धं_सूत्र:
गुरुजी, राग मानू नका, पण हवेचा त्रास हलक्याला जास्त होतो. कापसाचा बोळा लगेच थांबतो, लोखंडी गोळा हलत राहतो. इथे जडच मंदावतोय.

कोनप्रेमी:
कोन मोठा असणार. ६० अंशांवरून सोडलं तर वेळ साधारण ७ टक्के वाढतो. १५ अंशांच्या आत ठेवा, माझ्या वर्गात कधीही गडबड झाली नाही.

अर्धं_सूत्र:
खूण एकच आहे म्हणाल्या ना त्या. कोन सगळ्यांचा सारखा असेल तर वेळही सगळ्यांचा सारखाच वाढेल. एक आणि पाच वॉशरमधला फरक त्यातून कसा येईल?

कोनप्रेमी:
कोन कमी ठेवायचाच असतो. मी एवढंच म्हणालो.

रंगीत_खडू:
लंबक सोडा, ज्वालामुखी करा. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, थोडा लाल रंग. पाहुणे खूश, मुलं खूश, मोजायची भानगड नाही.

मागचा_बाक:
मोजायचंच तर आहे त्यांना! बरं, मोजण्यावरून आठवलं. सोडताना मुलं "एक" म्हणतात की "शून्य"? "एक" म्हटलं तर दहा म्हणेपर्यंत नऊच झोके होतात. चौथीत हमखास होतं हे. वहीतल्या रेघा आणि रेघांमधल्या जागा मोजायला लावा, लगेच कळतं.

पाटीपेन्सिल:
"शून्य" म्हणतात. तेवढं शिकवलंय.

जुनी_घड्याळं:
अवांतर: इटलीतल्या पिसा शहराच्या चर्चमधल्या झुलत्या दिव्याकडे बघून गॅलिलिओने नाडीवर झोके मोजले, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

अर्धं_सूत्र:
गोष्ट म्हणूनच सांगा. ती त्याच्या शिष्याने मागाहून लिहिलेली आहे. लंबकाचं घड्याळ म्हणाल तर ते डच शास्त्रज्ञ हायगेन्सचं, १६५६.

एक विचारायचं राहिलं. वॉशर अडकवलेत कसे?

पाटीपेन्सिल:
एकाखाली एक. प्रत्येकाच्या भोकात दोऱ्याचा फास घालून खालचा कडेला कड लावून बांधलाय. माळेसारखं छान दिसतं.

अर्धं_सूत्र:
सापडलं! लंबकाची लांबी गाठीपर्यंत धरायची नसते, वजनाच्या मध्यापर्यंत धरायची असते. वॉशर ३ सेंमी रुंद धरू. एकाचा मध्य येतो २६.५ सेंमीवर. पाचांच्या माळेचा ३२.५ वर. वेळ लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. ३२.५ भागिले २६.५, त्याचं वर्गमूळ साधारण १.११. आता १०.३ ला त्याने गुणा: ११.४. तुमचे आले ११.५. पोरांनी कमाल मोजलंय, त्यांना ओरडू नका.

उपाय सोपा आहे. दोऱ्याच्या टोकाला यू-पिनचा आकडा करा आणि सगळे वॉशर त्या एकाच आकड्यात शेजारी शेजारी अडकवा.

कोनप्रेमी:
मग आज रात्रीच सगळे दोरे बदलून टाका. पाहुण्यांसमोर चुकीचं उत्तर नको.

मागचा_बाक:
अजिबात नको! चुकीचं काय आहे त्यात? माळा तशाच ठेवा, शेजारी आकडेवाले लंबक टांगा. आणि "असं का?" एवढंच विचारून गप्प बसा. फळ्यावरचं वाक्यही राहू द्या.

कोनप्रेमी:
३५ मिनिटांच्या तासात? तुम्ही घेऊन दाखवा.

रंगीत_खडू:
ज्वालामुखीला १० मिनिटं लागतात.

पाटीपेन्सिल:
झाला पाठ. तीन गटांना माळा, तीन गटांना आकडे. आकडेवाल्यांचे १०.५, १०.५, १०.४. माळवाल्यांचे कालचेच. दोन्ही बाजूंनी "तुमचं चुकलं" सुरू. मी गप्प. (फार अवघड जातं.) मग एका मुलीने फुटपट्टी पेन्सिलीपासून थेट शेवटच्या वॉशरपर्यंत लावली आणि म्हणाली, "बाई, दोरा तेवढाच आहे, पण लंबक लांब झालाय." फळ्यावरचं कालचं वाक्य ज्याने लिहिलं होतं त्यानेच "जड" पुसून "लांब" केलं.

१ मीटरचा दोरा लावून बघायचा होता, २५ सेंमीच्या दुप्पट वेळ येतो का ते. तेवढ्यात घंटा झाली. पाहुण्यांनी जाताना एकच विचारलं, गुणाकाराचा धडा संपला का.

सगळ्यांचे आभार.

निवृत्त_गुरुजी:
खिडक्या बंद होत्या का?