सोसायटीत दोन पुरुष भाडेकरू एकत्र राहतात, विरोधात ठराव करता येतो का?

नाइलाजाने_सचिव
नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्यावर आमची २४ फ्लॅटची जुनी सोसायटी. बँकेतून निवृत्त झालो आणि लोकांनी सचिवपद माझ्या गळ्यात मारलं. रविवारी सभा आहे, म्हणून घाईने विचारतोय.

तिसऱ्या मजल्यावर दोन भाडेकरू आहेत, दोघं तिशीतले. भांडण सुरू झालं कुंड्यांवरून. त्यांच्या गॅलरीतलं पाणी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पडलं. काकू तणतणत वर गेल्या आणि खाली आल्या तेव्हा कुरडया बाजूलाच राहिल्या, "घरात एकच डबल बेड आहे" हा विषय झाला. (दुसऱ्या खोलीत सायकल आणि कपड्यांचा स्टँड आहे म्हणे. एवढं सगळं दारातून कसं दिसलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.) आता नऊ सह्यांचा अर्ज माझ्या फायलीत आहे. त्यात "बेकायदेशीर संबंध" असं लिहिलंय. इतिवृत्त मलाच लिहायचंय, तेव्हा हे खरंच बेकायदेशीर आहे का?

दुसरं म्हणजे, नोटीस द्यायला दारोदार गेलो तेव्हा सहज विचारत गेलो. चौदा घरांतून उत्तर आलं, "आपल्याला काय करायचंय? गाडी नीट लावतात, जिन्यात दिसले तर नमस्कार करतात." सभेत बोलाल का म्हटलं, तर एकजण चपला घालून फिरायलाच निघाला.

कोर्टाची_पायरी
बेकायदेशीर नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घातलेलं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते काढलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये परत बसवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे खासगीतले संबंध गुन्हा नाहीत असं एकमताने सांगितलं. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. लग्नाची मान्यता वेगळी, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने नाकारली. पण एका छताखाली राहायला लग्न कुठे लागतं?

भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगीही लागत नाही. मालकाने कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांकडच्या नोंदणीची पावती द्यायची. "बेकायदेशीर" हा शब्द इतिवृत्तात घातलात तर अडचणीत तुम्हीच याल.

सरळ_बोलतो
कोर्टाने सांगितलं म्हणून समाजाला पटलं असं होत नाही. लोकांना विचारलं कोणी?

कोर्टाची_पायरी
विचारलंय की. प्यू रिसर्च या अमेरिकी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत भारतात समलिंगी लग्नाच्या बाजूने ५३ टक्के, विरोधात ४३. तेही लग्नाबद्दल, नुसत्या राहण्याबद्दल नव्हे. आणि उद्या आकडे उलटे आले तरी २०१८ च्या निकालाचा गाभाच हा आहे की बहुसंख्यांना काय रुचतं त्यावर एखाद्याचा मूलभूत हक्क ठरत नाही.

सरळ_बोलतो
आमच्या वाड्यात विचारा, मग आकडे सांगा.

मावसभाऊ_नव्हे
आम्ही दोघं अकरा वर्षं "मावसभाऊ" म्हणून भाड्याने राहिलो. दोन कॉट ठेवल्या होत्या. सकाळी पोळ्यांच्या मावशी यायच्या आधी दुसऱ्या कॉटवरची चादर विस्कटायची आणि उशीला मधोमध खळगा पाडायचा, हे माझं काम. २०१३ चा निकाल आला त्या रात्री टीव्हीचा आवाज बंद करून बातम्या पाहिल्या. देशात आमच्यासारखे अगदी नगण्य, असं त्यात होतं. २०१८ नंतर एक कॉट विकली. मालकाला बहुतेक आधीपासूनच ठाऊक होतं, कारण त्याने "भाऊ दिसत नाहीत हल्ली?" असं कधीच विचारलं नाही.

सचिवसाहेब, एक विनंती. त्या दोघांना सभेत उभं करून खुलासा मागू नका.

नाइलाजाने_सचिव
सगळ्यांचे आभार. रविवारी सभा झाली. त्या दोघांना बोलावलं नव्हतं. अर्ज वाचला, त्याखाली वकीलसाहेबांनी दिलेल्या तारखा वाचल्या, आणि विचारलं, सूचक कोण? एक हात वर आला. अनुमोदक? पंखा तेवढा ऐकू येत होता. नऊ सह्या करणारे नऊच्या नऊ हजर होते, हे सांगून ठेवतो. माझ्या चौदांपैकीही कोणी अवाक्षर काढलं नाही, पण अनुमोदक नाही म्हणून विषय मतदानाला गेलाच नाही.

ठराव एवढाच झाला: गॅलरीतल्या प्रत्येक कुंडीखाली ताटली ठेवावी. हा सर्वांना लागू, काकूंच्या तुळशीलासुद्धा.

काकू अजून त्या पोरांशी बोलत नाहीत. कुरडयांचे पैसे मात्र घेतले.