नर्मदेच्या फुगवट्यात नाव चालवायला स्वस्तातला हँडहेल्ड जीपीएस कोणता घ्यावा?

सातपुडा_नाव: धडगाव-अक्कलकुव्याच्या बाजूला, सरदार सरोवराच्या फुगवट्यात फायबरची नाव चालते. हिवाळ्यात पहाटे धुकं पडलं की काठ दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही. बजेट बेताचं आहे. गार्मिनचा ईट्रेक्स १० घ्यावा की ईट्रेक्स २२एक्स? की मोबाइलच पुरेल? समुद्राचे चार्ट विकत मिळतात, ते इथे चालतील का?

तापीकाठ: चार्टवर पैसे घालू नका भाऊ, ते समुद्रासाठी काढलेले असतात. २२एक्समध्ये रंगीत पडदा आहे, कार्ड बसतं, फुकटचे नकाशे टाकता येतात. पण त्या नकाशात काठ म्हणजे एकच रेघ. धरण १३८.६८ मीटरला भरलेलं असताना ज्या टेकडीवरून नाव बिनधास्त जाते, तिचा माथा उन्हाळ्यात पंख्याला लागतो. जीपीएसला पाण्याची खोली कळत नाही, त्याला फक्त तुम्ही कुठे आहात ते कळतं.

म्हणून ईट्रेक्स १० पुरे. १,००० खुणा (जतन केलेल्या जागा) आणि एका ट्रॅकमध्ये, म्हणजे नाव गेली त्या वाटेच्या नोंदीत, १०,००० बिंदू मावतात. ट्रॅक सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून दर २० मीटर अंतराला एक बिंदू ठेवा, म्हणजे २०० किलोमीटरपर्यंत नोंद राहते. फेरी संपली की ट्रॅक सेव्ह करून टाका.

खडकाच्या खुणेच्या नावातच पातळी लिहा. ‘के१२८’ म्हणजे धरणाची पातळी १२८ मीटर झाली की हा खडक नावेला लागतो. पूर नसेल तेव्हा फुगवट्यात पाणी जवळपास सपाट असतं, त्यामुळे धरणाची त्या दिवशीची पातळी पाहून अंदाज येतो. ऑक्टोबरचा ट्रॅक एप्रिलमध्ये डोळे झाकून धरायचा नाही.

दऱ्याखोरी: वरच्याशी सहमत, पण दोन गोष्टी राहिल्या. १० आणि २२एक्स, दोन्हींत इलेक्ट्रॉनिक होकायंत्र नाही. नाव चालू असेल तरच पडद्यावरचा दिशेचा बाण खरा. इंजिन बंद केलं की तो कुठेही फिरतो आणि लोक संच बिघडला म्हणून परत करतात. धुक्यात थांबलात तर आधी हळू २०-३० मीटर सरळ जा, मग बाणाकडे बघा. साधं होकायंत्रही नावेत असू द्या.

दुसरं, उघड्यावर ३ ते ५ मीटरची चूक धरा. उभ्या कड्यांच्या मधे सिग्नल कड्यावर आपटून येतो आणि ट्रॅक उड्या मारतो. तिथे खडकापासून ३० मीटर लांबच राहा. मेनूत जीपीएस + ग्लोनास (रशियाचे उपग्रह) चालू ठेवा. बॅटरी थोडी जास्त खातो, खाऊ दे.

भुसावळकर: मोबाइल रेंजशिवाय जागा दाखवतो, नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर. मात्र ओल्या बोटांनी पडदा ऐकत नाही आणि एप्रिलच्या उन्हात पाऊचमध्ये फोन तापून बंद पडतो. राखीव म्हणून ठीक.

ईट्रेक्स पाण्यात बुडतो. आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो, तरंगत नाही. दोरीने नावेला बांधा, वर फोमचा तुकडा लावा. दोन एए सेल लागतात. २००० एमएएचचे रिचार्जेबल एनआयएमएच घ्या आणि मेनूत सेलचा प्रकार बदला, नाहीतर सेल भरलेले असूनही कमी दाखवतो. पावसाळ्यात संच पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा, अल्कलाइन सेल गळतात.

जुना घेत असाल तर सेलच्या खणात हिरवा थर आहे का ते पाहा. तारीख चुकीची दिसली तर घाबरू नका, जीपीएस तारीख आठवडे मोजून काढतो, आणि ६ एप्रिल २०१९ ला ती मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. बऱ्याच जुन्या संचांत तारीख मागे जाते, जागा बरोबर दाखवतात. उपग्रहावरून मेसेज पाठवणारा संच मात्र कोणी परदेशातून आणून स्वस्तात देत असला तरी घेऊ नका, आपल्याकडे तो परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

सातपुडा_नाव: मग १० च बघतो. दुसऱ्या नावाड्याकडून खुणा घेतल्या, पण त्या माझ्या मोबाइलवर भलतीकडेच दिसतात.

दऱ्याखोरी: अक्षांश-रेखांश लिहायची पद्धत वेगळी असणार. त्याच्याकडे २१° ५०.०७′ असेल तर अंशात ते २१.८३४५ होतं. तुम्ही २१.५००७ टाकलंत, तर खूण ३७ किलोमीटर दक्षिणेला जाते. दोघांनी एकच पद्धत आणि डेटम (आकडे मोजायचा पाया) डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. जुन्या टोपोशीटवरून (सर्व्हेच्या छापील नकाशावरून) आकडे घेत असाल तर तिथे एव्हरेस्ट डेटम असतो, तो आपल्याकडे शंभरेक मीटरने सरकतो.