टेरेसवरच्या टोमॅटोचं बूड काळं पडायलंय, औषध मारू का?

वडगावची_गच्ची
नमस्कार मंडळी. बेळगावात वडगावला घर आहे, गच्चीवर ९ टोमॅटो लावलेत, ५ रंगाच्या रिकाम्या बकेटात आणि ४ सिमेंटच्या पोत्यात. झाडं कमरेच्या वर गेलीत, पानं काळीभोर हिरवी, फुलं पण भरपूर. पण फळ लिंबाएवढं झालं की खालनं, म्हणजे देठाच्या उलट बाजूला, पाणी लागल्यासारखा डाग येतोय आणि आठ दिवसात तो काळा होऊन आत बसतोय. बोट दाबून बघितलं तर चामड्यासारखं कडक लागतंय, वास काय नाही. ११ फळं काढून टाकली आत्तापर्यंत. एक घेऊन खताच्या दुकानात गेले तर तो लांबनंच बघून "कोळे रोग री" म्हणाला आणि पावडरची पुडी हातात दिली. घरात खायचे टोमॅटो, मारायला हात होईना. सासूबाई म्हणतात मुळात दूध घाल. काय करू?

निपाणीचा_मळेकरी
ताई करपा हाय तो. मँकोझेब, म्हणजे बुरशीचं औषध, लिटरला २.५ ग्रॅम, संध्याकाळी मारा, आठवड्यानं परत एकदा. आमच्याकडं पावसाळ्यात बघता बघता अख्खा प्लॉट जातो, वाट बघत बसू नका.

टिळकवाडी_रिटायर्ड
जरा थांबा, औषध मारायच्या आधी तीन गोष्टी सांगा. पानांवर डाग आहेत का? डाग प्रत्येक फळाला बुडालाच आहे का, की कुठंही? आणि पाणी कधी आणि किती घालता?
आणि त्या "कोळे"वर जाऊ नका. कन्नडात कोळे म्हणजे कुजणं, सुपारी कुजली तरी कोळे रोगच म्हणतात. करप्याला अंगमारी म्हणतात, ते वेगळं. दुकानदारानं कुजलंय एवढंच सांगितलं, ते तुम्हाला पण दिसत होतंच की.

वडगावची_गच्ची
पानं एकदम स्वच्छ. डाग सगळ्यांना बुडालाच. पाण्याचं म्हणाल तर आमच्या गल्लीत नळ पाच-सहा दिवसातनं एकदा येतो, त्या दिवशी पाईप लावून बकेटातनं वाहून जाईपर्यंत घालते, मग मधले दिवस भांडी विसळलेलं तांब्या-दोन तांब्या, कधी तेवढं पण नाही, दुपारी झाडं मान टाकतात पण संध्याकाळी परत उभी राहतात म्हणून मी काय मनावर घेतलं नाही. आणि हो, महिन्याभरापूर्वी शेजारच्या काकांनी दिला म्हणून चमचा चमचा युरिया घातला होता.

टिळकवाडी_रिटायर्ड
मग सापडलं. हा रोगच नाही अक्का, बुरशी नाही, एका झाडाचा दुसऱ्याला लागत नाही, ती पुडी अख्खी संपवली तरी डाग येतच राहणार. फळाच्या बुडाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून हे होतं, ब्लॉसम एंड रॉट म्हणतात. आता तुम्ही म्हणाल कॅल्शियम घालते. बहुतेक वेळा मातीत ते असतंच, पण ते मुळातनं पाण्याबरोबरच वर चढतं, आणि पाणी ओढतात जास्त करून पानं, फळ फार कमी ओढतं, त्यातनं बूड म्हणजे अगदी शेवटचं टोक. माती वाळली की आधी तिथं तुटवडा. आणि एकदा पानात गेलेलं कॅल्शियम परत फळाकडं येत नाही, म्हणून पानांवर कॅल्शियमचा स्प्रे मारून फारसं काही हाती लागत नाही. तुमचा युरिया त्यात भर, पाला भराभर वाढला आणि होतं नव्हतं ते ओढून घेतलं.
फळ सुपारीएवढं असतं तेव्हाच नुकसान झालेलं असतं, डाग आपल्याला मागनं दिसतो. म्हणून आज पाणी नीट सुरू केलं तरी पुढचे पंधरा दिवस डागाची फळं निघतील, तेवढ्यावरनं उपाय सोडू नका. डागाची फळं तोडून टाका, झाडाची ताकद वाचते.
पाणी रोज, थोडं, सकाळी. बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओलसर लागलं तर राहू दे, कोरडं लागलं तर घाल. वरनं उसाचं पाचट नाहीतर वाळका पाला चार बोटं जाड पसरा, आपल्याकडं पाचटाला काय तोटा नाही. नळाच्या दिवशी एक बॅरल भरून ठेवा आणि त्यातनं मोजून घाला. बकेटाच्या बुडाला भोकं आहेत ना? पाणी साठून मुळं गुदमरली तरी हाच डाग येतो.
दूध चहात घाला.

खानापूरचा_भाऊ
काकांचं पाण्याचं बरोबर, पण माती विचारली नाही. ताई माती कुठली आहे? आमच्या खानापूरकडची तांबडी असेल तर ती आंबट असते, एवढा पाऊस पडतो की चुना धुवून जातो, तिथं खरंच कॅल्शियम कमी पडतं. मी लागणीच्या आधी वीस लिटरच्या बकेटाला दोन चमचे शेतीचा चुना मिसळतो, तेव्हापासनं बरंच कमी झालंय. अंड्याची टरफलं घालून मी वर्ष घालवलं, ती विरघळायलाच कित्येक महिने लागतात.

टिळकवाडी_रिटायर्ड
मान्य, तांबड्या मातीला चुना चालतो. पण काळ्या मातीत चुना आधीच भरपूर, त्यात आणखी घालू नका. आणि नेटवर बघून एप्सम सॉल्ट कुणी घालू नका, त्यात मॅग्नेशियम असतं, ते मुळापाशी कॅल्शियमच्याच वाटेत उभं राहतं, दुखणं वाढतं.

वडगावची_गच्ची
माती तांबडीच आहे, जांबोटी रोडवरनं दोन पोती आणली होती, त्यात शेणखत. युरिया बंद केला. पण आता आणखी एक. परवा वळीव झाला ना, त्यानंतर अगदी खालच्या घोसातली दोन फळं, जी पोत्याच्या मातीला टेकली होती, त्यांच्यावर तपकिरी डाग आलाय, आणि त्यात गोल गोल फिकी-गडद वलयं आहेत, लाकूड कापल्यावर दिसतात तशी. हा पण तोच का?

निपाणीचा_मळेकरी
हा न्हवं, हा मातीतनं आलेला. पावसाचा थेंब मातीवर आपटून चिखल फळावर उडतो, त्यातनं लागतो, बक आय रॉट म्हणतात. मगाशी मी करपा म्हटलो ते फोटो न बघता म्हटलो, सॉरी. ती दोन फळं तोडून कचऱ्यात टाका, खताच्या खड्ड्यात नको. खालची वीतभर पानं काढा, झाडाला काठी लावून सुतळीनं वर बांधा, फळ मातीला टेकूच द्यायचं नाही. पाचट घालणारच आहात, त्यानं चिखल उडायचं पण थांबतंय. एवढ्यावर थांबलं नाही तर १ टक्का बोर्डो मारा. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बकेटात भिजवून मग एकत्र, लोखंडी भांडं चालत नाही. झाल्यावर घासलेला विळा मिनिटभर बुडवायचा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा, तसंच मारलं तर पानं भाजतात. केलं त्या दिवशीच संपवायचं. नऊ झाडांना १० लिटर लागत नाही, १ लिटरचंच करा, १०-१० ग्रॅम.

खानापूरचा_भाऊ
देठाजवळ बारीक भोक आणि काळी विष्ठा दिसली तर मात्र अळी. तिथनं पाणी शिरून फळ आतनं कुजतं, बाहेरनं बुरशीसारखंच वाटतं. कापून बघितल्याशिवाय कळत नाही.

वडगावची_गच्ची
आत्ताच कापून बघितली. वलयंवाल्यात अळी नाही, ती दोन्ही टाकली. पण बुडाला काळा डाग असलेली तीन पिकत आलेली होती, ती टाकायची का? आत वरचा भाग तर लालबुंद आहे.

टिळकवाडी_रिटायर्ड
काळा भाग जरा जास्तच कापून टाका आणि बाकीचं खा. नुसतं बूड गेलंय. फक्त त्या डागावर नंतर काळी मखमल दिसली किंवा मऊ पडलं असेल तर सोडून द्या.

वडगावची_गच्ची
मखमल नव्हती, शेंगदाण्याच्या कुटाची चटणी झाली त्यांची. पुडी परत घेऊन गेले तर दुकानदार म्हणाला फोडली नाही तर बदलून देतो, त्याच पैशात सुतळीचा गुंडा आणि काठ्या आणल्या. नळ परवा आहे. बॅरल धुवून उन्हात पालथं घातलंय.